माश्यांचा डबा

पेंच नदीवरचा तोतलाडोह कसा आहे, असे परत आल्यापासून मला पाच-सहा जणांनी विचारले. खरे उत्तर असे की मला नीटसे ठाऊक नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकलेला आणि डाव्यात पिकत आलेला, अशा स्थितीत मी तो पाहिला. त्यामुळे माझ्या वर्णनात झाडांना कडा नाहीत, डोंगर आभाळात विरघळलेले आहेत, आणि पाणी संपून वाळू कुठे सुरू होते ते फक्त पायांना कळलेले आहे. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे. जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. गेलेल्यांनी चुका काढत बसू नये.

तीस वर्षे मी नागपुरात जंगलखात्याच्या कचेरीत कारकुनी केली. साहेबलोकांच्या दौऱ्याचे सामान बांधून देणे हे काम पहिल्याच वर्षी माझ्या गळ्यात पडले आणि पेन्शनपर्यंत तिथेच राहिले. कोणता साहेब कोणत्या नदीला चालला, तिथे कोणता मासा, त्याला कोणती काठी, हे मी झोपेत सांगू शकत असे. मात्र स्वतः कधी काठी नदीवर नेली नाही. एका साहेबांनी विलायतेला कायमचे परत जाताना तीन काठ्यांचा लांबलचक पेटारा माझ्या हवाली केला आणि म्हणाले, आता तू वापर. तो पेटारा बारा वर्षे आमच्या माडीवर पडून होता. पेन्शन झाल्यावर अंबाझरीच्या तलावावर जाऊन दोरी फेकायची सवय केली, तेवढेच.

होळी झाली की डोळ्यांचे ऑपरेशन करायचे असे ठरले होते. डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले, "हात माझा, यश देवाचं." त्याआधी मला एकच गोष्ट पाहायची होती: महासीर. आयुष्यभर ज्याच्यासाठी सामान बांधले तो मासा पाण्यातून नुकताच वर आलेला, जिवंत, वीतभर अंतरावरून मला पाहायचा होता. मी खाणारा नव्हे. आमच्या घरात मासा या शब्दालासुद्धा स्वयंपाकघरात येण्याची मुभा नाही. पकडायचा, पाहायचा आणि सोडायचा, एवढाच बेत होता.

सीताबर्डी

सामानाच्या आधी सोबती निवडावा लागला. गळाच्या नेढ्यात तार ओवणे मला आता जमत नव्हते. म्हणून सीताबर्डीवरचे माझे स्नेही गुलाबराव शिंपी यांना गळ घातली. हा माणूस दिव्याशिवाय काळ्या कापडावर काळा टाका घालतो. बोलायला लागला की मात्र कात्री थांबत नाही.

त्यांच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांवर, मी तिन्ही काठ्या मांडल्या. हा खेळ काय असतो ते त्यांना आधी समजावून सांगितले. यात गळाला गांडूळ नसते, पिठाची गोळी नसते. गळावर पिसे, हरणाचे केस, रेशीम, कलाबतू गुंडाळून एक खोटा किडा केलेला असतो. साहेबलोक त्याला माशी म्हणतात. माशीला वजन नसते, ते दोरीला असते. दोरी हवेत मागेपुढे खेळवून पाण्यावर अंथरायची. माशी तिच्या मागून आपोआप जाते.

"म्हंजे माशाले माशी दाखवाची," गुलाबराव म्हणाले. "मासा नवरदेव अन् माशी नवरी. असं साधं सांगा ना बापू."

त्या दिवसापासून आमच्या दोघांत त्या पिसांच्या गळांना माश्या हेच नाव पडले. घरी मी त्यांचा विषयच काढत नसे. काठ्या आमच्या मंडळींनी पाहिल्या होत्या आणि म्हातारचळ म्हणून सोडून दिल्या होत्या. पण मोराची, रानकोंबड्याची पिसे आणि हरणाचे केस सोवळ्याच्या घरात आहेत हे कळले असते तर मला डब्यासकट अंगणात काढले असते. म्हणून तो पत्र्याचा डबा मी कपाटाच्या खालच्या फळीवर, जंगलखात्याच्या नियमांच्या जाड पुस्तकांमागे लपवून ठेवला होता. तिथे देवसुद्धा हात घालत नाही.

काठ्यांचे असे होते. पहिली चौदा फुटी, दोन्ही हातांनी धरायची, विलायती जड लाकडाची. पावसाळ्यानंतर नद्या भरून वाहतात, मासा लांब असतो, धार ओढते, तेव्हा ती हवी. दुसरी साडेदहा फुटी. बांबूच्या सहा बारीक चिरफळ्या एकमेकींना चिकटवून केलेली. तलावातल्या मरळीला आणि मध्यम नदीला ती बरी. तिसरी आठ फुटी, अगदी हलकी. चिलव्यासारख्या बोटभर चंदेरी माशांसाठी. साहेबांना महासीरसाठी मी नेहमी पहिलीच बांधून देत असे. वहीत तसा रिवाजच होता.

पण फाल्गुनात पेंच आटलेली असते. पाणी काचेसारखे, मासा बुजरा, आणि काठावरची झाडे खाली वाकलेली. तिथे चौदा फुटी काठी फिरवायची म्हणजे फांद्यांना नमस्कार घालत बसायचे. शिवाय माझा खांदा. मी डोळे मिटून तिन्ही काठ्या एकेक करून हातात घेतल्या. दिसत नसले की हाताला जास्त कळते. दुसरी हातात आली आणि टोकापर्यंत अशी काही थरथरली की ती माझ्याशी काही बोलते आहे असे वाटले. रिवाज मोडून मी ती घेतली.

तारेचा प्रश्न उरला. दोरी आणि गळ यांच्यामध्ये एक बारीक तार असते, रेशमाच्या किड्याच्या आतड्यातून काढलेली. जाड घेतली तर माशाला दिसते, बारीक घेतली तर तुटते. मी अडून बसलो.

"कपडा पाहून दोरा घ्या लागते," गुलाबराव म्हणाले. "मलमलीले गोनपाटाचा दोरा लावता का तुमी? पानी मलमल आहे ना? मंग बारीकच घ्या, अन् झटका देऊ नका. बस."

दोरी रेशमाची. ती पाण्यावर तरंगावी म्हणून साहेबलोक तिला चरबी लावतात. माझ्याकडे चरबी कुठली? मी तूप लावले. दोन दिवस रोज वाटीभर तूप माडीवर जाताना पाहून मंडळी म्हणाल्या, "अहो, निरांजनापुरतं तरी खाली ठेवा."

पवनी

निघताना आमची मंडळी दारापर्यंत आली नाही. देवघरात होती. तिच्या रेशमी सोवळ्याचा मोतिया रंग मला धुक्यातल्या दिव्यासारखा दिसला, आणि "डोळ्यांत धूळ जाऊ देऊ नका" एवढे ऐकू आले.

सर्व्हिस मोटर कामठीवरून, कन्हानच्या पुलावरून गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता असे गुलाबराव म्हणाले. मला फक्त केशरी रंग दिसत होता, फांद्यांवाचून, झाडांवाचून, हवेतच टांगलेला. पुढे मनसर, आणि मग फुटलेल्या टायरमुळे एक तास सावलीत. गुलाबरावांनी तेवढ्यात ड्रायव्हरच्या कोटाचे बटण लावून दिले आणि त्याच्या दोन मुलींच्या लग्नाची हकीकत ऐकून घेतली.

पवनीला उतरून बैलगाडीची वाट पाहताना मी सवयीप्रमाणे सामान मोजले. काठी. दोरी गुंडाळायची चकरी. दोरी. तार भिजवायचा डबा. चकरीच्या पिशवीत दोन नुसते गळ. आणि माश्या?

माझ्या तोंडचे पाणी पळाले. तीस वर्षांत एका साहेबाचा एक चमचा विसरला नाही, आणि स्वतःच्या एकुलत्या एका वारीला माश्यांचा डबा पुस्तकांमागेच राहिला! लपवलेली वस्तू लपवणाऱ्यापासूनच लपते, ती अशी.

समोर नागपूरकडे जाणारी मोटर उभी होती. उद्या तीच परत येणार होती. गुलाबरावांनी मापांच्या वहीतून एक चिठोरे फाडले, कानामागची पेन्सिल काढली, आणि मी सांगू लागलो. कपाटात, खालच्या फळीवर, जाड पुस्तकांच्या मागे माश्यांचा डबा आहे, तो मोटरवाल्याबरोबर पाठवणे, त्याशिवाय येथे येणे फुकट आहे, डोळ्यांचा भरवसा नाही, पुन्हा येणे होईल न होईल. मी सांगत होतो आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

"लिहिलं का सगळं?" मी विचारले.

"मुद्द्याचं लिहिलं," गुलाबराव धावत परत येत म्हणाले. "चिठोरं केवढंसं, बापू. कपडा असन तेवढाच अंगरखा."

डोह

डोहावरचे मासेमार सोमाजी ढीवर आम्हाला घ्यायला आले होते. वयाने माझ्याएवढे असावेत, आवाजावरून सांगतो. डोहाच्या वरच्या अंगाला त्यांची पाच-सात घरांची वस्ती. जंगलखात्याच्या जुन्या ओळखीमुळे आम्हाला बंगल्याची एक खोली मिळाली होती, पण जेवण सोमाजींच्या अंगणात. कोदोचा भात, लाखोरीच्या डाळीचे वरण, आणि उकडलेली मोहाची फुले. आमच्याकडे मोह म्हटले की दारू आठवते आणि लोक नाक मुरडतात. इथे ती सकाळची न्याहारी होती. मनुकांसारखी गोड, थोडी धुराची. मी तीनदा मागून घेतली.

डोहावर माशाचे नाव घ्यायचे नाही, हा सोमाजींचा नेम. ते त्याला पाहुणा म्हणत. "नाव घेतलं का तो खाली बसते," ते म्हणाले. मी कचेरीत तीस वर्षे त्याचे नाव रोज लिहीत होतो. कदाचित म्हणूनच तो मला भेटला नसेल.

डबा येईपर्यंत काम नव्हते. मी पाण्याकाठी दगडावर बसलो. काय सांगू? सगळे पाणी आणि सगळे आभाळ एकाच निळसर दुधात कालवलेले. मधूनच कुठेतरी एक पांढरा ठिपका हले, बगळा असेल. झाडावरून मोहाचे फूल पाण्यात पडल्याचा आवाज येई, टप्प असा, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. घड्याळाला इथे काही अर्थ नव्हता. मनात आले की हेच जर पुढे कायमचे असणार असेल तर फार वाईट नाही. मग मात्र मी घाबरलो. आतल्या आत, लहान मुलासारखा. मंडळींचा चेहरा मला गेल्या दिवाळीपासून नीट दिसला नव्हता, हे तिथे त्या दगडावर माझ्या लक्षात आले.

"बापूसायब, एवढं काहून मनाले लावून घेता?" सोमाजी म्हणाले. "मी जाळं फेकतो, पाहुन्याले आनून देतो तुमच्या पुढ्यात. पाहून घ्या."

मी नाही म्हटले. जाळ्यात आलेला मासा हा मला दाखवलेला मासा झाला. मला मी पाहिलेला हवा होता. सोमाजींना हा फरक पटला नाही, पण त्यांनी जाळे खाली ठेवले.

संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. बंगल्याच्या ओट्यावर वाळत घातलेल्या माझ्या दोरीला, गावरान तुपाच्या वासाने, मुंगळ्यांची रांग लागली. गुलाबराव एकेक मुंगळा चिमटीत धरून काढत होते आणि प्रत्येकाला शिव्या देत होते. "साहेबाच्या चरबीले मुंगी नाई लागत," ते म्हणाले. "वयनीचं तूप खरं आहे, हे मात्र सिद्ध झालं."

डबा

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमाजी पवनीहून डबा घेऊन आले. मी हातात घेतला आणि चमकलो. माझा डबा चपटा होता. हा गोल आणि जड होता. वर मऊ कापड गुंडाळलेले. गाठ सोडली, झाकण उघडले, आणि चिंचेचा, लसणीचा आणि आणखी कशाचातरी वास आला. तो वास ओळखायला मला वेळ लागला, कारण आमच्या घरी तो कधी आलाच नव्हता.

"अर्रर्र," गुलाबराव हळूच म्हणाले. "बापू, ही तर मासळी आहे."

डब्यात त्यांचेच चिठोरे परत आले होते. एका बाजूला त्यांचे अक्षर. त्यांनी वाचून दाखवले, "माशाचा डबा पाठवा. त्याच्याशिवाय इथं येनं फुकट. डोळ्याचा भरवसा नाई." कपाट, फळी, पुस्तके, सगळे अंगरख्यातून गळाले होते. मी सांगितले होते माश्यांचा आणि त्यांनी लिहिले माशाचा. अर्धा य आणि एक टिंब, एवढ्यावर आमच्या घराचे चार पिढ्यांचे सोवळे उलटले होते.

चिठोऱ्याच्या मागे मंडळींचे अक्षर होते. एकेक अक्षर चिंचोक्याएवढे काढलेले, मला वाचता यावे म्हणून. ते मी स्वतः वाचले, डोळ्याशी धरून, एकेक शब्द करून:

"गिरजाबाईंकडून करवून पाठवत आहे. मासळीचे डॉक्टर मागेच बोलले होते, मीच कानाआड केले. डोळ्यांपुढे सोवळे मोठे नाही. खावे. मनात काही आणू नये. घरी कोणी विचारणार नाही."

गिरजाबाई म्हणजे गुलाबरावांच्या पत्नी. म्हणजे आमची मंडळी, जिने उभ्या जन्मात मासळीबाजाराचा रस्तासुद्धा टाळला, ती सीताबर्डीला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली होती. आणि डबा ज्यात गुंडाळला होता ते कापड मी बोटांनी ओळखले. रेशीम. सोवळ्याचे. रेशमाला विटाळ नसतो, म्हणून तिने मासे रेशमात बांधून पाठवले होते. तिच्या शास्त्रातून तिने एवढी एक वाट काढली होती. जुने, विरलेले असेल एखादे, असे मी मनाशी म्हटले. तरीही मी सरळ रडलो. गुलाबराव आणि सोमाजी दोघेही नदीकडे पाहत राहिले.

मग मी एक घास खाल्ला. हातात घेऊन, डोळे मिटून. परतल्यावर ती विचारणार नव्हती, पण तिने न विचारताही मला खोटे पडायचे नव्हते. चव विचारू नका. मला चिंच तेवढी ओळखू आली.

बाकीचे गुलाबरावांनी आणि सोमाजींनी संपवले. गुलाबराव मध्येच थांबून म्हणाले, "नवल आहे. एकबी काटा नाई याच्यात. तीस वर्सांत गिरजीनं मले कधी काटा काढून नाई देला. तुमच्यासाठी काढला पाहा!"

"पाहुण्याचा मान," मी म्हटले, आणि ती गोष्ट तिथेच विसरलो.

मोह

माश्या नव्हत्या. दोन नुसते गळ होते, आणि उद्या दुपारी परत निघायचे होते. मी काठी पिशवीत घालायला लागलो.

सोमाजींनी माझा हात थांबवला. मग म्हणाले, "तुमची माशी काय तो पाहुना खाते? ह्या दिवसांत तो मोव खाते. पल्याडच्या झाडाखाली उभा राहते, फूल पडलं का उचलते. पाह्यलं नाई का तुमी? टप्प झालं का गप्प होते."

गुलाबरावांनी रेशमाचा तुकडा उचलला आणि उजेडात धरला. मग खाली पडलेले मोहाचे एक फूल उचलले. "रंग तर जुळते," ते पुटपुटले. त्यांच्या कोटाच्या अस्तरात सुई नेहमी असतेच. त्यांनी रेशमाची गोल चकती कापली, कडेने बारीक टाका घालून चुणली, आत सोमाजींच्या घरचा थोडा कापूस भरला, गळावर ओढून बांधली. तोंडाशी रेशमाचे चार धागे मोकळे सोडले, फुलात असतात तसे. मला हातात दिले. मी खरे फूल आणि खोटे फूल दोन तळव्यांवर घेऊन बसलो. खोटे थोडे उबदार होते, एवढाच फरक.

"तीस वर्सं झंपर शिवले," गुलाबराव म्हणाले, "पन फुलाचं माप पयल्यांदा घेतलं."

सकाळी, ऊन पाण्यावर उतरायच्या आधी, आम्ही पल्याड गेलो. वाकलेल्या फांद्यांखाली जागा अशी की चौदा फुटी काठी तिथे उभीसुद्धा राहिली नसती. गुलाबरावांनी माझा खांदा धरून मला दिशा दिली. मी दोरी मागे खेळवली, पुढे सोडली. फूल कुठे पडले ते दिसले नाही, ऐकू आले. टप्प.

काही झाले नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा फांदीत अडकले आणि सोमाजी झाडावर चढले. पाचव्या की सहाव्या वेळी टप्पनंतर पाण्याने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला, आणि काठी माझ्या हातात जिवंत झाली.

चकरी किंचाळायला लागली. संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवर ज्याने पतंग उडवला आहे त्याला तो आवाज माहीत आहे. मी घाबरून चकरी धरायला गेलो.

"ढील द्या!" गुलाबराव ओरडले. "बापू, ढील द्या, ढील! बारीक दोरा आहे! नाईतर ओ काट होते!"

मी ढील दिली. तो डोहाच्या पोटात गेला, थांबला, वळला. मी थोडे गुंडाळले. तो पुन्हा गेला. त्या धुक्यात माझा आणि त्याचा संबंध एका दोरीपुरता होता, पण मला त्याचे डोके हलवणेसुद्धा कळत होते. बांबूच्या सहा चिरफळ्या मला सगळे सांगत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. गुलाबराव मला आवरता आवरता स्वतः कमरेपर्यंत पाण्यात गेले होते आणि त्यांचा फेटा वाहून गेला होता; ते त्यांना नंतर कळले.

शेवटी सोमाजींनी पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांवर घेतले, पाण्याबाहेर न काढता. "या बापूसायब. पाहुना आला."

मी वाळूत गुडघे टेकले आणि तोंड पाण्याला टेकेल इतके खाली नेले. माझ्या डाव्या डोळ्याचा नाकाकडचा एक कोपरा अजून स्वच्छ होता. त्या कोपऱ्यात मी त्याला धरले. आधी नुसते सोने दिसले. मग त्या सोन्यात एक कडा उमटली, मग दुसरी. खवले. एकेक पळसाच्या पाकळीएवढा, मुळाशी काळसर, काठाला केशरी, कौलांसारखे एकावर एक नेटके रचलेले. मी मोजत गेलो. डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या ओळीत चोवीस होते. त्याचे कल्ले उघडत मिटत होते, आणि त्याचा गोल, पापणी नसलेला डोळा माझ्याकडे पाहत होता. कित्येक महिन्यांत मी कशाच्याही कडा पाहिल्या नव्हत्या. इथे चोवीस मिळाल्या.

ओठाच्या कोपऱ्यात मोतिया रंगाचे फूल होते. सोमाजींनी ते हलकेच काढून माझ्या हातात दिले.

"सोडा," मी म्हटले.

"एवढ्या मोठ्याले?" गुलाबरावांचा आवाज रडकुंडीला आला होता. "बापू, पूर्ण बर्डी जेवन एवढ्यात!"

सोमाजींनी हात पसरले. तो क्षणभर तिथेच राहिला, जाण्याची घाई नसल्यासारखा, आणि मग खाली निघून गेला. पाणी पुन्हा दूध झाले.

घरी

ऑपरेशन झाले. दहा दिवस दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचे नाही. मी डोळ्यांमागे चोवीस खवले पुन्हा पुन्हा मोजत पडलो. उजवा डोळा गेला तो गेला. डावा आला. बशीच्या बुडासारख्या जाड भिंगाचा चष्मा लागला.

चष्मा मिळाल्यावर पहिल्याच सकाळी मी देवघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिची पाठ होती. केस माझ्या आठवणीपेक्षा जास्त पांढरे झालेले. अंगावर तेच रेशमी सोवळे. पण पदर पाठीवरून पुढे यायचा तो खांद्याशीच संपला होता. शेवटाला नवी शिवण होती, बारीक, एकसारखी. तो टाका सीताबर्डीचा होता; मी ओळखला. कोणते तरी जुने, विरलेले कापड असेल असे मी मानून चाललो होतो. तिच्याकडे दुसरे रेशीम नव्हतेच.

मग माझ्याने राहवेना. मी कपाटापाशी बसलो, नियमांची पुस्तके बाहेर काढली आणि चपटा डबा आणून तिच्यापुढे उघडला. सगळे सांगितले. माश्या, माशाचा, अर्धा य आणि टिंब. ती डब्यातल्या पिसांकडे पाहत राहिली. मला वाटले आता अंगण. पण तिला हसू फुटले. पदर तोंडाला लावायला गेली तर तो पुरेना, आणि मग ती आणखीच हसली.

डब्याच्या कोपऱ्यात, परतल्यावर मी ठेवलेले, रेशमाचे मोहफूल होते, एका बाजूने माशाच्या तोंडात चुरगळलेले. तिने ते उचलले, खांद्याशी शिवणीला लावून पाहिले, आणि परत ठेवले.

"म्हणजे मासळी मागितलीच नव्हती तुम्ही."

"नव्हती. पण खाल्ली. एक घास."

ती निरांजनाची वात सारखी करत बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"काटा नाही ना राहिला एखादा? गिरजाबाई म्हणत होत्या, राहू द्या. मी म्हटलं, त्यांना दिसत नाही. दोनदा चाचपून पाहिलं होतं मी बोटांनी."

"नाही," मी म्हटले. "एकही नाही."